परदेशातील नोकरी आणि मालकाच्या हातातील व्हिसा

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. जाण्यापूर्वी ४ जून १९१३ रोजी त्यांनी एका करारावर सही केली होती. शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी, अशी त्यात अट होती. परदेशाचे दार उघडणारा कागदच माणसाला बांधूनही ठेवतो, ही गोष्ट आपल्या समाजाला शंभर वर्षांपूर्वीच कळलेली आहे.

आज रहिमतपूर, कोरेगाव, सातारा भागातील आपली मुले-मुली नर्सिंग, आय.टी.आय. व इंजिनिअरिंगचे शिक्षण घेत आहेत. परदेशात नोकरी करावी, असे त्यांपैकी अनेकांना वाटते. ही इच्छा चांगलीच आहे. परंतु ज्या कागदाच्या जोरावर जायचे तो कागद नीट समजून घ्यावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

परदेशात काम करण्याचा परवाना बहुतेक वेळा मालकामार्फत मिळतो. तेथील कंपनी किंवा हॉस्पिटल आपल्या सरकारला कळवते की, अमुक कामासाठी अमुक माणूस आम्हांस हवा आहे, त्याला इतका पगार देऊ. यालाच स्पॉन्सर करणे म्हणतात. सरकारने मान्यता दिली की व्हिसा मिळतो. परंतु तो त्या मालकाकडील त्या कामापुरताच असतो. आपण पर्यटक म्हणून गेलो तर काम करण्याचा हक्क मिळत नाही, हे आधी ध्यानात ठेवावे.

अमेरिकेचा एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्याने सुरू झाला. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी त्याची मर्यादा आहे. अर्ज जास्त आले की सोडत निघते. मुदत आधी तीन वर्षे, पुढे सर्वसाधारणपणे सहा वर्षांपर्यंत. अर्ज कंपनीच करते आणि त्याची मुख्य फी नोकराकडून वसूल करू नये, असे तेथील कायदा सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरील माणसासाठी केलेल्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर आकारण्याची घोषणा झाली. त्यामुळे हा रस्ता फार अरुंद झाला आहे.

ब्रिटनमध्ये परवानाधारक मालकच स्पॉन्सरशिपचे प्रमाणपत्र देऊ शकतो. वृद्ध व आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करची परदेशातून नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. तरीही असा व्हिसा मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तो फसवत आहे, असे खुशाल समजावे. पात्र नर्सेसना मात्र तेथे संधी आहे.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. सुरुवातीस दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचे त्यात ठरले. जर्मनीस जाणाऱ्या नर्सला तेथील भाषा चांगली यावी लागते व आपली पदवी तेथे मान्य करून घ्यावी लागते. म्हणून भाषेचा अभ्यास येथूनच सुरू करणे शहाणपणाचे.

आखाती देशांत मालकाच्या जामिनावर राहण्याची पद्धत आहे, तिला कफाला म्हणतात. मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलता येत नव्हती व देशही सोडता येत नव्हता. कतारने २०२० मध्ये आणि सौदी अरेबियाने २०२१ मध्ये हे नियम बरेच सैल केले. पण घरकामगारांचे हाल पूर्णपणे संपलेले नाहीत.

या साऱ्यांत एक समान धागा आहे. नोकरी गेली की राहण्याचा हक्कही धोक्यात येतो. अमेरिकेत नोकरी सुटल्यावर नवा मालक शोधण्यास जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. हे वाचून आम्हांस महार वतनाची आठवण येते. तुटपुंज्या जमिनीच्या तुकड्यासाठी आपले वाडवडील रात्रंदिवस राबत. चाकरी नाकारली तर पोटावर पाय येई. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. वतन जन्माने गळ्यात पडत होते. व्हिसाचा करार मात्र आपण स्वतः सही करून स्वीकारतो. म्हणजे सही करण्यापूर्वी विचारण्याचा हक्क आपला आहे. हा फरक लहान नाही.

जातही माणसाबरोबर समुद्र ओलांडते. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को कंपनीवर एका दलित इंजिनिअरला जातीवरून भेदभावाची वागणूक मिळाल्याचा दावा दाखल केला. दोघा अधिकाऱ्यांविरुद्धचा भाग २०२३ मध्ये मागे घेतला गेला, पण प्रश्न जगापुढे आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीय भेदभावास कायद्याने बंदी केली. ज्याचा व्हिसा वरिष्ठाच्या मर्जीवर अवलंबून, तो तक्रार करण्यास कचरतो, हे सांगावयास नकोच.

तेव्हा जाणाऱ्याने पुढील गोष्टी कराव्यात :

१) एजंट १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदलेला आहे काय, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट यंत्रणेत पाहावे. त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये व जी.एस.टी. एवढेच सेवाशुल्क घेता येते. पावती घ्यावी. गिरण्यांतील जॉबर नोकरी लावण्यासाठी दस्तुरी घेत. लाखो रुपये मागणारा एजंट म्हणजे त्याचाच नवा अवतार.

२) दहावी उत्तीर्ण नसलेल्यास आखातासह १८ देशांत नोकरीस जाताना सरकारी मंजुरी व प्रवासी भारतीय विमा लागतो. दहा लाखांच्या या विम्याचा हप्ता शेकड्यात आहे. तो चुकवू नये.

३) पगार, कामाचे तास, राहण्याची सोय, परतीचे भाडे हे सारे करारात लिहून घ्यावे. एक प्रत घरी ठेवावी.

४) पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा. अडचण आल्यास भारतीय वकिलातीकडे जावे.

५) जमीन, दागिने गहाण टाकून जाऊ नये. कर्जाच्या ओझ्याखाली माणूस अन्याय निमूटपणे सोसतो.

तथागतांनी उपासकांस वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत माणसांच्या व्यापाराचाही समावेश आहे. भोळ्या तरुणांना विकणारा एजंट मिथ्या आजीविका करतो. आणि माहिती असून गप्प बसणारेही काही अंशी दोषी ठरतात. म्हणून ज्या घरातील कोणी परदेशी नोकरीस आहे, त्यांनी आपला अनुभव विहारात येऊन विद्यार्थ्यांना सांगावा. करार वाचता न येणाऱ्यास तो वाचून दाखवावा. आपली मुले जरूर साता समुद्रापार जावोत, पण ताठ मानेने जावोत आणि ताठ मानेनेच परत येवोत, हीच मंगल कामना.

नमो बुद्धाय! जयभीम!