मैलांची पुंजी आणि जगप्रवास

परदेशदर्शनाची हौस पुष्कळांना असते. परंतु विमानाच्या तिकिटाची किंमत कानीं पडली कीं मध्यम स्थितींतील गृहस्थाची ती हौस बहुधा तेथेंच मावळते. असें असूनहि बेताच्या मिळकतीचीं कांहीं माणसें दूरदूरचे देश पाहून येतात, तीं विमानकंपन्यांकडून मिळणाऱ्या मैलांच्या बळावर. ही पुंजी कशी सांचते व तिच्यांत धोका कोठें आहे, हें जाणून घेणें अगत्याचें आहे.

१९८१ सालच्या मे महिन्यांत अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनें आपल्या नेहमींच्या उतारूंसाठीं एक योजना काढली. जितके मैल प्रवास व्हावा तितके उतारूच्या खातीं जमा व्हावे, आणि पुरेसे सांचले म्हणजे त्यांच्या मोबदल्यांत तिकीट मिळावें, अशी ती योजना होती. युनायटेड कंपनीनें लगोलग तिचें अनुकरण केलें. विमान सुटतांना जी खुर्ची रिकामी राहते ती कायमचीच वायां जाते. तीच बक्षीस दिल्यास कंपनीस खर्च अल्प येतो, आणि उतारू मात्र बांधला जातो.

पुढें कंपन्या हे मैल बँकांना विकूं लागल्या, व बँका ते क्रेडिट कार्डावर खर्च करणाऱ्यांना देऊं लागल्या. त्यामुळें आज वाणसामान घेतां घेतां किंवा विम्याचा हप्ता भरतांनाहि मैल जमतात. १९९९ सालीं कॅलिफोर्नियांतील डेव्हिड फिलिप्स या अभियंत्यानें सुमारें ३,१४० डॉलरांत पुडिंगचे १२,१५० डबे घेतले; कारण त्यांच्या वेष्टनांवर मैल मिळत होते. डबे दान झाले, आणि साडेबारा लाखांवर मैल त्याच्या पदरीं पडले.

एका कंपनीचे मैल दुसरीकडेहि चालतात. १९९७ सालीं पांच कंपन्यांनीं स्टार अलायन्स हा संघ स्थापिला. एअर इंडिया त्यांत २०१४ सालीं आली. त्यामुळें एअर इंडियाच्या खात्यांतील पुंजीवर मुंबईचा गृहस्थ लुफ्थान्साच्या विमानानेंहि जाऊं शकतो. अशा जागा मोजक्याच असतात; म्हणून तारखांचा आग्रह न धरणाऱ्यास व महिनेच्या महिने आधीं तजवीज करणाऱ्यास त्या लाभतात. कर व इतर आकार मात्र रोखच भरावे लागतात.

आतां धोक्याकडे वळूं. शंभर रुपयांच्या खर्चावर मिळणाऱ्या मैलांचें मोल बहुधा एक-दोन रुपयांपलीकडे जात नाहीं. उलट बिल थकल्यास अनेक बँका दरमहा शेंकडा साडेतीन रुपयांच्या आसपास व्याज लावतात. म्हणजे एकाच महिन्याच्या दिरंगाईंत मिळविलेलें सर्व जाऊन वर पदरचें द्यावें लागतें. शिवाय या नाण्याची टांकसाळ कंपनीच्याच हातीं आहे. डेल्टा कंपनीनें २०१५ पासून अंतर सोडून तिकिटाच्या किंमतीवर मैल देण्यास आरंभ केला, तेव्हां स्वस्त तिकिटानें लांब जाणाऱ्यांची मिळकत एकदम घटली.

तात्पर्य, जो खर्च एरवीं करावयाचाच आहे तेवढाच कार्डावर करावा, बिल मुदतींत पुरें भरावें, आणि कोठें जावयाचें हें आधीं ठरवून मग मैल जमवावे. जमले कीं ते खर्चून टाकावे. कारण मैल ही व्याजानें वाढणारी ठेव नव्हे. एवढें पथ्य पाळणाऱ्यासच हा प्रवास खरोखर स्वस्त पडतो.