दोन्ही दिशांनी चालणारे यंत्र

अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन या संस्थानात, जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरणे ही अपूर्वाई नव्हे आणि जिथे बहुसंख्य घरे पिढ्यान्‌पिढ्या तळघरातील तेलाच्या भट्टीवर ऊब मिळवीत आली, तिथे आपल्याकडील एसीसारखी दिसणारी यंत्रे घरोघरी का बसू लागली ते पाहून यावे, अशी संपादकांची सूचना होती. दफ्तरी इतिहास थोडक्यात असा : 2019 साली गव्हर्नर जॅनेट मिल्स यांनी 2025 पर्यंत एक लाख हीट पंप, म्हणजे हीच यंत्रे, बसविण्याचे उद्दिष्ट कायद्यात घातले, अनुदानाची तजवीज झाली, 2022 साली युक्रेनच्या युद्धामुळे तेल भडकले, आणि मुदतीच्या दोन वर्षे आधीच तो आकडा गाठला गेला.

कल्पना मात्र जुनी आहे. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी ती 1852 साली मांडली; 1938 साली झुरिकच्या नगरभवनात लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता उपसणारे यंत्र सुरू झाले, आणि त्याने साठ वर्षांहून अधिक काळ सेवा केली. भट्टी उष्णता निर्माण करते, हीट पंप ती केवळ वाहून आणतो. म्हणूनच एक युनिट वीज खर्चून, हवा फार गोठलेली नसेल तर, तीन युनिटांइतकी ऊब घरात येते. गोठलेल्या हवेतही उष्णता असतेच. त्या हवेहूनही थंड असा प्रशीतक द्रव नळ्यांतून खेळविला की ही उष्णता त्यात शिरते, आणि कॉम्प्रेसर त्याच्या वाफेला दाबून तापवितो.

ज्या भागापाशी मी सर्वांत अधिक रेंगाळलो, तो वीतभर लांबीचा रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह एका वयस्क कारागिरांनी जुन्या यंत्रातून काढून माझ्या हाती दिला. त्याच्या एका अंगाला एक तोंड आणि दुसऱ्या अंगाला तीन. आत एक लहानसा सरकता तुकडा, जो मधल्या तोंडाची गाठ कधी डावीकडे तर कधी उजवीकडे घालून देतो, आणि त्याबरोबर तप्त वायूची वाट बदलून हिवाळ्यात घर तापविणारे यंत्र उन्हाळ्यात तेच घर निववू लागते. विजेचे काम येथे केवळ हुकूम देण्याचे. तुकडा ढकलण्याचे बळ यंत्राच्या स्वतःच्या दाबातून येते, ही योजना मला अत्यंत सुंदर वाटली. आपल्याकडील बहुतेक एसींत हा भाग नसतो, आणि मुख्यतः त्यामुळे ते एकमार्गी राहतात. बाहेरच्या नळ्यांवर हिम साचले म्हणजे हाच व्हॉल्व्ह काही मिनिटे उलटतो आणि घरातली थोडी ऊब खर्चून ते वितळवितो. त्या वेळी उठणारी वाफ धूर समजून घाबरलेली माणसे दूरध्वनी करतात, असे ते कारागीर म्हणाले.

परंतु तो तुकडा मध्येच अडकला, तर तप्त वायू परस्पर परतीच्या वाटेला मिसळतो, घर तापत नाही, आणि उतावळा मिस्त्री निर्दोष कॉम्प्रेसर बदलून मोकळा होतो. हे कारागीर मात्र आधी परतीच्या नळीचे तापमान व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना मोजून खातरजमा करतात. असे जाणते हात मागणीच्या मानाने थोडे आहेत, आणि मला खरी चिंता वाटली ती याचीच. यंत्रालाही मर्यादा आहेत. कडाका वाढावा तशी त्याची क्षमता घटते, म्हणजे गरज शिगेला पोचते तेव्हाच ते दुबळे होते. फटी असलेल्या जुन्या लाकडी घरात अंदाजाने निवडलेले यंत्र अशा रात्री पुरे पडत नाही. वीज महाग झाली की बचत आटते, बर्फाच्या वादळात तारा तुटल्या तर लाकडाची शेगडीच पेटवावी लागते, आणि सांधा गळून निसटणारा प्रशीतक वायू तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडहून कित्येक पटींनी घातक असतो. शिवाय पुष्कळांनी जुनी भट्टी तशीच ठेवली आहे. दोन्हींचे थर्मोस्टॅट एकाच अंशावर लावले की भट्टी आधी पेटते आणि पंप स्वस्थ बसतो. म्हणून 2023 पासून अनुदानाचा रोख संपूर्ण घर पंपावर चालविण्याकडे वळविण्यात आला आहे; तरीही भट्टीचा काटा चार अंश खाली ठेवा, हे प्रत्येक घरी बसून समजावण्याइतका वेळ यंत्र बसविणाऱ्यांना भर हंगामात मिळत नाही.