बारावीनंतर कोणत्या विषयांची परीक्षा द्यावी?



हंगाम चालू असला म्हणजे गट ऑफिसात सभासद येतात ते तोडणीचा नंबर, वजनाची पावती नाहीतर बिलाची चौकशी करायला. पण अलीकडे दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारी उजाडली की खिशातून आणखी एक कागद निघतो. तो असतो पोराच्या किंवा पोरीच्या सीईटीच्या फॉर्मचा. "साहेब, यात पीसीएम भरायचं का पीसीबी? का दोन्ही भरून टाकू?" हा प्रश्न आम्हाला इतक्यांनी विचारला आहे की, एकदाच सविस्तर लिहावे असे ठरवले.

आधी आमचीच चूक सांगतो. मागे एका सभासदाच्या मुलीने जनावरांची डॉक्टर व्हायचे मनावर घेतले होते. घरी चार गाई, मुलगी हुशार, धारेपासून सगळे येणारी. वडील फॉर्म घेऊन आले तेव्हा आम्हीच छातीठोकपणे म्हणालो, "डॉक्टरकी म्हणजे जीवशास्त्र, पीसीबी भरा." त्यांनी भरले. मुलीला चांगले पर्सेंटाईलही पडले. जूनमध्ये कळले की पशुवैद्यकीयचा प्रवेश सीईटीवर होतच नाही, तो नीटवर होतो, आणि नीटचा फॉर्म तर भरलेलाच नव्हता. पोरीचे एक वर्ष गेले. तिच्या वडिलांनी आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही, पण ते आम्हाला अजून लागून राहिले आहे.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. एमएचटी-सीईटीची पीसीबी ही माणसांच्या किंवा जनावरांच्या डॉक्टरकीची परीक्षा नव्हे. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यक या सगळ्यांची वाट नीटमधून जाते. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण. त्यात निम्मे प्रश्न एकट्या जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो. सीईटीच्या पीसीबीवर प्रामुख्याने कृषी पदवी आणि फार्मसीचे दार उघडते.

आता सीईटीची मांडणी बघू. फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही गटांना सारखेच; प्रत्येकी ५० प्रश्न, प्रश्नाला १ गुण, दोन्ही मिळून ९० मिनिटे. फरक पडतो तो तिसऱ्या विषयात. पीसीएमला गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. पीसीबीला जीवशास्त्राचे १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. वेळ दोन्हीकडे ९० मिनिटेच. एकूण गुण २००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून इथे एकही प्रश्न कोरा सोडणे हा शुद्ध तोटा आहे. नीटची सवय लागलेली मुले सीईटीतही प्रश्न सोडून येतात, त्यांना हे बजावून सांगा. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात. "अकरावीचे काय, ते वर्ष असेच जाते" असे म्हणणारे पाचातला एक प्रश्न हकनाक घालवतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी एवढे आधीच माहीत करून घ्यावे की फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे प्रश्न मराठीत मिळू शकतात, पण गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो.

मग निवडायचे कसे? इंजिनिअरिंग करायचे तर पीसीएमशिवाय इलाज नाही. कृषी अभियांत्रिकीलाही गणित लागते. नावात कृषी आहे म्हणून बायोलॉजी चालेल असे समजू नये. बी. एस्सी. कृषीला मात्र, म्हणजे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांच्या कॉलेजांना, पीसीएम चालते आणि पीसीबीही चालते. फार्मसीचेही तसेच. इथे मुलाचा हात ज्या विषयात चालतो तोच धरावा. शेजाऱ्याच्या पोराने पीसीबी घेतले म्हणून आपणही घेतले, असे करणे म्हणजे चुनखडीच्या रानात शेजाऱ्याचे बघून बेणे लावण्यासारखे आहे.

दोन्ही गट देता येतात, पण फी दोनदा भरावी लागते आणि परीक्षाही वेगवेगळ्या दिवशी होतात. ज्याने अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवले आहेत त्यालाच हे झेपते. खरे म्हणजे हा निर्णय सीईटीच्या फॉर्मवर होतच नाही, तो अकरावीच्या प्रवेशाला होऊन गेलेला असतो. तिथे गणित सोडले की इंजिनिअरिंग सुटले, जीवशास्त्र सोडले की नीट अवघड झाले. पोराचे मन ठरत नसेल तर निदान अकरावीला दोन्ही विषय ठेवावेत असे आमचे मत आहे. ओझे जास्त होते हे खरे. पण जुलैत लागण चुकली तर पुढचे दीड वर्ष खत घालून काय उपयोग, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

सर्वात जास्त घोळ होतो तो पर्सेंटाईलचा. एक सभासद पेढे घेऊन आले, "पोराला ८५ पडले!" पोराला ८५ टक्के नव्हे, ८५ पर्सेंटाईल होते. त्याचा अर्थ असा की, त्याच्या सत्रात बसलेल्या दर १०० मुलांत साधारण ८५ जण त्याच्याइतक्याच किंवा कमी गुणांवर थांबले. त्याचे प्रत्यक्ष गुण २०० पैकी कितीही असतील. परीक्षा बऱ्याच दिवसांत आणि सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. एक सोपा, एक अवघड. आपण सुरूचे टनेज आडसालीशी लावून बघत नाही. सुरूचे सुरूशी बघतो, आडसालीचे आडसालीशी. तसेच इथे मुलाला आपल्या सत्रातल्या मुलांशी ताडून बघतात. पीसीएमची मुले पीसीएममध्ये आणि पीसीबीची पीसीबीमध्ये मोजली जातात. म्हणून थोरल्याच्या पीसीबीतल्या ९० पर्सेंटाईलची धाकटीच्या पीसीएममधल्या ९० शी तुलना करून घरात भांडण लावू नये.

बारावीच्या बोर्डाकडेही पाठ फिरवू नका. इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते, तरी बारावीत त्या विषयांत खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के लागतातच.

कॉमर्स किंवा आर्ट्सची मुले, ज्यांना दिल्लीसारख्या केंद्रीय विद्यापीठात जायचे आहे, त्यांच्यासाठी २०२२ पासून सीयूईटी सुरू झाली आहे. इथे तर विषय निवडणे हीच अर्धी परीक्षा. २०२५ पासून जास्तीत जास्त ५ विषय घेता येतात. प्रत्येकाला ५० प्रश्न आणि ६० मिनिटे, बरोबरला ५ गुण, चुकीला १ वजा. परीक्षा घेणारी संस्था म्हणते की बारावीला नसलेला विषयही घ्या. पण दिल्ली विद्यापीठ म्हणते, बारावीला जो विषय होता त्याच विषयाची परीक्षा आम्ही धरू. म्हणजे फॉर्म स्वीकारला जातो, पेपर होतो, गुणही पडतात आणि प्रवेशाच्या वेळी ते गुण कामाला येत नाहीत. तिथे अर्थशास्त्राच्या ऑनर्सला गणिताचा पेपर लागतो, हेही पुष्कळांना उशिरा कळते. भाषेच्या पेपरला मराठी घेता येते, त्याचा संकोच करू नये.

कृषीवाल्यांनाही सीयूईटीचा उपयोग आहे. देशभरच्या कृषी विद्यापीठांतल्या २० टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, याच परीक्षेवर भरतात. बाहेरच्या राज्यात पोर पाठवायची तयारी असेल तर फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित, जीवशास्त्र किंवा कृषी यांपैकी एक घ्यावा.

आणखी एक. नियम बदलतात. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी आपल्या राज्यात इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईईवर झाले, २०१६ ला पुन्हा सीईटी आली. मधल्या मध्ये ज्यांनी नुसत्या ऐकीव माहितीवर तयारी केली त्यांची धांदल उडाली. म्हणून थोरल्याच्या वेळचे धाकट्याला सांगू नये, आणि आमचा हा लेखही पुढच्या वर्षी जसाच्या तसा धरू नये. त्या वर्षीची माहिती पुस्तिका बघावी.

फॉर्म घेऊन येताना अकरावी-बारावीच्या विषयांचा कागद आणि ज्या कोर्सला जायचे त्याचे नाव, एवढे बरोबर आणा. आणि शक्यतो मुलालाच घेऊन या. बाप विचारतो आणि पोरगा बाहेर मोटारसायकलवर बसून राहतो, मग आम्हाला त्याला काय करायचे आहे ते कळत नाही.