टिटवीच्या दारात

‘टिटवीदेखील समुद्र आटविते’ ही म्हण मी गेली अठरा वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. समुद्राने अंडी नेली म्हणून त्याच्याशी वैर मांडणारी पंचतंत्रातली टिटवीही मुलांना रंगवून सांगतो. पण खुद्द टिटवी मला ओळखता येत नव्हती, हे कबूल केलेले बरे!

ती भेटली गेल्या मे महिन्यात. कात्रजच्या जुन्या बोगद्याच्या वर, डोंगराच्या सपाट माथ्यावर आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. पावसाळ्यात रोपे लावायची म्हणून दोनशे खड्डे खणावयाचे होते. नानासाहेब पेशव्यांनी जिथून शनिवारवाड्यापर्यंत पाणी खेळविले, तो कात्रजचा तलाव खाली पुण्याच्या अंगाला. वर मात्र वाळके गवत, दगड आणि ऊन. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक, त्यावर वीतभर माती. ‘काय हा ओसाड माळ!’ मी म्हणालो. तेवढ्यात एक चंडोल गात गात सरळ आभाळात चढला. मी त्याच्याकडे बघत पुढे निघालो, तोच मेंढ्या राखणारे एक म्हातारे ओरडले, “गुरुजी, खाली बघून चाला! पायाखाली अंडी हायती.”

“कुठं, बाबा?”

“तुमच्या जोड्याम्होरं.”

घरटे कसले? खडे सारून केलेला खळगा. त्यात चार अंडी, टोके आत वळवलेली, रंग थेट दगडांचा. टिटवी आधी समोरून तुरुतुरु पळाली, मग आरडत माझ्या डोक्यावरून झेपावली. काळी टोपी, चोचीच्या मुळाशी पिवळा लोलक, पिवळे पाय. ही माळटिटवी. पाणवठ्याजवळची तांबड्या लोलकाची ती निराळी. रात्री ओरडली की आमची आजी अपशकुन म्हणून कपाळाला आठ्या घाली, ती बहुधा तीच.

पुढे पुस्तके चाळली. उन्हाच्या कडाक्यात टिटव्या पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांना गारवा देतात, असे वाचले. चोचीने समुद्र उपसणारी टिटवी ज्याने प्रथम कल्पिली, त्याने पाणी वाहणारी ही आई पाहिली असेल काय? मला वाटते, पाहिली असावी.

आणि हेही कळले की, ज्याला मी ओसाड म्हटले तो माळ ओसाड नव्हताच. चंडोल, टिटवी यांना उघडे गवतच लागते. तिथे झाडे वाढली की त्यांवर कावळे नि शिक्रे बसून खालची अंडी-पिल्ले हेरतात. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची दाट लागवड झाली, तिथे माळाचे पक्षी कसे टिकणार? झाड लावणे हे पुण्यच, असे मानणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचवणे जड गेले.

त्या दिवशी एवढे वाचन कुठले! चाळीस खड्डे झाले होते. तिच्या भोवतालचे बारा आम्ही बुजवले आणि कुदळी गोळा केल्या. मुले कुरकुरली नाहीत. उन्हाने त्यांचेही मत टिटवीच्या बाजूचे केले होते. पुढचे तीन रविवार दोघी विद्यार्थिनी लांबूनच पाहून येत. चौथ्या रविवारी खळगा रिकामा होता. जरा पलीकडे गवतात एक इवलेसे पिल्लू दगडासारखे निपचित दबून बसले होते आणि आई डोक्यावर आकांत करीत होती.

महाविद्यालयाच्या अहवालात ‘उद्दिष्ट अपुरे राहण्याचे कारण’ असा रकाना होता. मी ‘टिटवी’ एवढेच लिहिले. अहवाल अजून परत आलेला नाही.