मनाची रोजकीर्द

माणूस दिवसभर किती जणांशी बोलतो! आमच्या आदिलाबादकडेच पाहा. घरात मराठी, बाजारात उर्दू, कचेरीत तेलुगू, आणि उटनूरच्या बाजूला गेले की गोंडी व कोलामी कानी पडते. परंतु ज्याच्याशी आपला जन्मभराचा सहवास, त्या स्वतःशी आपण कोणत्या भाषेत बोलतो, किंबहुना बोलतो तरी का, हा प्रश्न क्वचितच मनात येतो.

स्वतःशी बोलणे म्हणजे वेडेपणा नव्हे. लहान मूल खेळताना, गणित सोडविताना पुटपुटते, हे आम्ही शिक्षक नित्य पाहतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी या पुटपुटण्याचा अभ्यास केला. काम अवघड झाले की ते वाढते, असे त्यांना आढळले. वय वाढते तसे ते नाहीसे होत नाही, तर आत जाते आणि विचाराचे साधन बनते, असे प्रतिपादन त्यांनी १९३४ साली निघालेल्या आपल्या ग्रंथात केले. तेव्हा पुटपुटणाऱ्या मुलास गप्प करण्याची घाई करू नये. ते त्या वेळी विचार करावयास शिकत असते.

मराठीला हा आत्मसंवाद नवा नाही. समर्थ रामदासांनी मनाचे श्लोक लिहिले ते आपल्याच मनाला हाक मारून. त्यांची संख्या २०५ आहे. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ रचला. त्यातील संग्राम बाहेरच्या शत्रूशी नाही, आतल्या विकारांशी आहे.

आपण रोज वापरतो तो ‘हिशेब’ हा शब्द मूळ अरबी. त्याच धातूपासून ‘मुहासबा’, म्हणजे स्वतःचा हिशेब घेणे, हा शब्द झाला. इमाम गझाली (निधन ११११) यांनी मनाला व्यापारातील भागीदाराची उपमा दिली आहे. भागीदाराशी आधी अटी ठरवाव्यात, मग व्यवहारावर नजर ठेवावी आणि शेवटी हिशेब घ्यावा. मनाशीही तसेच वागावे.

कापसाच्या बाजारपेठेत वाढलेल्या आम्हा लोकांस ही उपमा सहज पटेल. दुकानदार रोजकीर्दीत त्या दिवशीचा व्यवहार टिपतो, मग तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती घालतो. मनाचेही तसेच करावे. रात्री दोन ओळी लिहाव्यात : काय घडले, आणि त्या वेळी मनात काय आले. ‘मी वाईट आहे’ ही नोंद नव्हे, तो निवाडा झाला. ‘शेजाऱ्याने सर्वांदेखत टोकले, मला लाज वाटली, म्हणून घरी येऊन मी मुलावर ओरडलो’ ही नोंद. महिनाभराने पाने चाळली म्हणजे खतावणी आपोआप तयार होते : राग वेगवेगळ्या माणसांवर निघाला, पण बहुतेक वेळा तो लाजेच्या खात्यातला होता, हे ध्यानात येते. एकेका दिवसाकडे पाहून हे कळत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. त्याच त्या दुःखाची उजळणी करणे म्हणजे आत्मपरीक्षण नव्हे. लिहूनही ओझे हलके होत नसेल, झोप उडाली असेल, तर विश्वासाच्या माणसाशी वा डॉक्टरांशी बोलावे. हिशेब जुळला नाही तर दुकानदारही दुसऱ्यास दाखवितोच.

आमच्या जिल्ह्यात मुलाची घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, असे पुष्कळदा घडते. भीती, लाज, हेवा, थकवा यांना त्याच्याजवळ निरनिराळे शब्द नसतील, तर ते सगळ्यांना मिळून ‘बरे वाटत नाही’ एवढेच म्हणते, आणि आपण त्याला आळशी ठरवितो. म्हणून पालकहो, संध्याकाळी मुलास ‘आज किती गुण पडले?’ याबरोबरच ‘आज मनात काय आले?’ हेही विचारा, आणि उत्तर त्याला घरच्या भाषेत देऊ द्या. आज जे शब्द ते तुमच्यापाशी बोलेल, त्याच शब्दांत उद्या ते एकटे असताना स्वतःशी बोलेल.