शाळेची परसबाग : एक गुंठा पुरे, पण राखण हवी



पुरुषोत्तमनगर म्हटले की सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आठवतो, आणि शहादा तालुका म्हटला की ऊस, केळी, पपई, कापूस. शिवार हिरवेगार, पण पोराच्या ताटातली भाजी बाजारातून येते. हे बरे नव्हे. गावाने मनावर घेतले तर शाळेच्या आवारात परसबाग उभी राहू शकते.

आधी हिशेब पाहू. शाळेतल्या दुपारच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. लहान वर्गांतली शंभर मुले असली तर रोज पाच किलो भाजी झाली. एका गुंठ्यातून एवढी भाजी रोज निघेल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. आठवड्यातून एक-दोन वेळा ताजी पालेभाजी निघाली तरी पुष्कळ झाले.

सहा मीटर लांब, सव्वा मीटर रुंद अशा वाफ्यातून मेथी साधारण पाच किलो मिळते. वाफा याहून रुंद करू नका, मुलांचा हात मधोमध पोचला पाहिजे. सगळे वाफे एकाच दिवशी पेरले तर सगळी भाजी एकदम येते आणि वाया जाते. म्हणून आठ-दहा दिवसांच्या अंतराने एकेक वाफा पेरावा. हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा. पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, अंबाडी. कुंपणावर गिलके नि वाल चढवा. कोपऱ्यात शेवग्याची दोन झाडे लावा. शेंग तर मिळतेच, पण कोवळा पालाही भाजीत चालतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेजारी पपईचा मळा असेल तर गिलके, काकडी, गंगाफळ लावू नका. पपईवरचा रिंगस्पॉट विषाणू मावा किडीमार्फत पसरतो आणि या वेलांवरही येतो. तसे केल्याने शाळेचे वेल जातील आणि शेजाऱ्याची पपईही धोक्यात येईल. उसात २,४-डी तणनाशक मारणाऱ्या भाऊंनीही वारा बघूनच पंप हातात घ्यावा, कारण त्याचा उडता तुषार भेंडी-वांग्याची पाने वाकडी करतो. आणि औषधाचा रिकामा डबा बागेत पाणी घालायला कधीही देऊ नका, कितीही धुतला असला तरी!

खताला पैसे लागत नाहीत. कारखान्याची मळी मिळाली तर ताजी घालू नका, ती तापते नि रोपे जळतात. शेण व पाचटासोबत खड्ड्यात चांगली कुजवून मगच वापरा.

पाण्याचे असे करा. मुले जेवल्यावर हात-ताटे धुतात. प्रत्येकी दोन लिटर धरले तरी शंभर मुलांचे दोनशे लिटर पाणी रोज गटारात जाते. ते चारीने केळी आणि शेवग्याकडे न्या. साबणाचे नि खरकटे पाणी पालेभाजीवर मात्र सोडू नका, तिला स्वच्छ पाणीच द्या.

आता खरी अडचण. अशा बागा बहुधा पाण्यावाचून मरत नाहीत, त्या मे महिन्याच्या सुटीत शेळ्यांच्या तोंडी जातात. गुरुजी गावाला गेले, फाटक उघडे राहिले, संपले. म्हणून सुटी लागण्याआधीच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आठवड्यागणिक पाळी ठरवा आणि ज्या घराची पाळी त्यालाच त्या आठवड्याची भाजी द्या. फुकट राखण फार दिवस टिकत नाही, मंडळी. उन्हाळ्यात वाफे रिकामे ठेवून फक्त शेवगा, केळी आणि कुंपण सांभाळले तरी चालते.

चवळी, गिलके, भेंडी यांची चांगली दोन-चार फळे झाडावरच पिकू द्या. बी सावलीत वाळवून राखेत मिसळा नि घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवा. संकरित वाणाचे बी मात्र धरू नका, ते पुढच्या वर्षी तसेच येत नाही.