झाडीपट्टीतील नाट्यगीत : निर्मिती, प्रयोग आणि ध्वनिमुद्रण

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील भातशेतीच्या व अरण्याच्या प्रदेशास ‘झाडीपट्टी’ ही संज्ञा रूढ आहे. चंद्रपूर, १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, तसेच भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांचा तीत अंतर्भाव होतो. या प्रदेशातील नाटकात गीताचे स्थान मोठे आहे. परंतु त्या गीताची स्वतंत्र तबकडी वा ध्वनिफीत क्वचितच निघाली. असे का व्हावे, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही.

धानाची कापणी आटोपली की दिवाळीनंतर मंडईचे दिवस येतात आणि तेथपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. रेल्वेमार्गावरील वडसा (देसाईगंज) हे या व्यवसायाचे केंद्र. तेथे नाटकमंडळ्यांची कार्यालये थाटली जातात व गावोगावची मंडळे येऊन ठराविक रकमेस प्रयोग ठरवितात. तिकीटविक्रीचा नफातोटा बहुधा गावाच्या मंडळाचा. शंकरपटाची जत्रा आणि रात्रीचे नाटक यांची सांगड जुनी आहे. म्हणूनच २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर घातलेली बंदी नाटकवाल्यांनाही जाणवण्यासारखी होती. २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयाने शर्यतींस सशर्त अनुमती दिली.

या नाटकाची संगीतदृष्टी दुहेरी वारशातून घडली आहे. एकीकडे दंडार व खडी गंमत हे स्थानिक प्रकार. त्यांत गाणे, नाचणे आणि बोलणे एकमेकांपासून तोडता येत नाही. दुसरीकडे १८८० च्या ‘शाकुंतला’पासून रूढ झालेली किर्लोस्करी संगीत नाटकाची परंपरा. वादक रंगमंचासमोर बसतात. पूर्वी पेटी व तबला यांवर भागत असे. पुढे कीबोर्ड व ऑक्टोपॅड आले. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो, त्यामुळे गीताला घड्याळाचे बंधन नसते. प्रेक्षकांनी ‘वन्समोअर’ दिला की पद पुन्हा गावयाचे, पात्राला वेषांतरास उशीर झाला की वादकांनी तेच सूर लांबवावयाचे. येथे गीताची लांबी रचनाकार नव्हे, तर प्रयोग ठरवितो.

तबकडीचा व्यवहार याच्या नेमका उलट. ग्रामोफोन कंपनीने १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रणे केली, त्यानंतर मराठी रंगभूमीची पदेही तबकडीवर आली. पण दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे. पुण्यामुंबईच्या गायकनटांनी आलाप छाटून पद त्या मापात बसविले आणि प्रयोगापासून सुटे झालेले नाट्यगीत घरोघर पोहोचले. झाडीपट्टीत असे सुटे होण्याचे प्रयोजनच पडले नाही. आजचा स्वतंत्र वाद्यवृंद पदरमोड करून गीतसंग्रह काढतो, तो बहुधा प्रयोगांची मागणी वाढावी म्हणून. येथे मागणी आधीच गावाच्या पंचांगात बांधलेली होती!

याची किंमत मात्र भाषेला मोजावी लागते. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ उच्चारला जातो. नाटकाच्या संहितेत नायक-नायिका प्रमाण मराठी बोलतात, तर बोली प्रामुख्याने विनोदी पात्राच्या तोंडी येते. आणि तिची लकब, हेल व सुरावट कागदावर उतरत नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी बोलीचा व दंडारीचा अभ्यास केला, परंतु ध्वनीच्या अभ्यासास ध्वनीच हवा. त्यातच अंकांच्या मधल्या वेळात चित्रपटगीतांवरील नृत्ये शिरली. म्हणजे दुसऱ्यांची मुद्रित गाणी या रंगमंचावर वाजतात, आणि त्याची स्वतःची अमुद्रित राहतात. हा विपर्यास नजरेआड करण्यासारखा नाही.

२०२३ मध्ये गडचिरोलीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे बाहेरच्यांचे लक्ष वेधले गेले. आता अनेक प्रयोगांची चित्रमुद्रणे यूट्यूबवर आढळतात. त्यांत दूरवरचा ध्वनिक्षेपक, प्रॉम्प्टरचा आवाज आणि प्रेक्षकांचा गलका यांत पद बुडालेले असते. अभ्यासकाच्या दृष्टीने तो गलकाही पुरावाच आहे. मात्र पदाचा कर्ता, चालीचा कर्ता, गाव आणि तारीख यांची नोंद मुद्रणासोबत झाली, तरच तो वापरता येतो.